दिनानाथची रंगपेटी

खाडीकाठच्या गावांत नाटक बसलं की तोंडं रंगवायला दिनानाथ म्हात्रेला बोलावणं जायचं. पेणजवळच्या मिठागराच्या गावातला हा माणूस डोलवीच्या एका कँटीनमध्ये कंत्राटावर कामाला होता; पण जत्रांच्या हंगामात शिफ्ट बदलून घ्यायचा आणि पत्र्याची रंगपेटी उचलून निघायचा. वीस वर्षांत त्याने कितीतरी राजे रंगवले, मिसरूड न फुटलेल्या पोरांना सासरे केलं. पेटीतलं काही टाकून देणं मात्र त्याच्या जिवावर यायचं. काजळ सुकलं तर तेलाचा थेंब, आयलायनर घट्ट झालं तर गुलाबपाणी. तेवढ्यावर आणखी दोन हंगाम निघायचे.

त्याची धाकटी बहीण सगुणा रोह्याशेजारी वरसेला दिलेली. तिची मुलगी दिशा पोलीस भरतीच्या मागे होती. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. महिन्याभराने वैद्यकीय तपासणी, एवढंच उरलं होतं. त्याच सुमारास वरसेच्या मंडळाचं नाटक आलं आणि एका छोट्या कामाची मुलगी ऐन वेळी आली नाही. दिनानाथनेच भाचीला गळ घातली. चार वाक्यं तर बोलायची होती.

डोळे रेखताना दिशाने नाक मुरडलं.

"मामा, याला कसला तरी वास येतोय."

"रंगाला वास असायचाच, गो. डोळा मिट बघू."

तिने डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशी उजवा डोळा लाल झाला, तिसऱ्या दिवशी उघडेना. सगुणाला वाटलं, रंगमंचावरची धूळ गेली असेल. दोन दिवस घरगुती थेंबांत गेले, मग पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. त्यांनी डोळ्याला काय काय लावलं ते विचारलं, तेव्हा दिनानाथ घरी जाऊन आयलायनरची ती बाटली घेऊन आला.

बाईंनी त्याला बाजूला घेऊन बाटलीवरचं बारीक चित्र दाखवलं. झाकण उघडलेली डबी आणि तिच्यात लिहिलेलं '6M'. बाटली उघडल्यापासून सहा महिने, असा त्याचा अर्थ, असं त्या म्हणाल्या. तळाशी छापलेली तारीख न उघडलेल्या मालाची. एकदा ब्रश डोळ्याला लागून परत आत गेला की जंतू आत वाढतात, त्यात पाणी घातलं की आणखीच. आणि एकच ब्रश दहा जणांना फिरवणं तर अगदीच वाईट. दिनानाथ इतकी वर्षं ते अक्षर रंगाचा नंबर समजत होता. ही बाटली त्याने तीन वर्षांपूर्वी उघडली होती.

हे तो बहिणीला बोलला नाही. डोळा बरा होईल, मग सांगू, असं मनाशी म्हणत राहिला. डोळा बरा झाला, पण बुबुळावर बारीक डाग राहिला. तपासणीत उजव्या डोळ्याने खालच्या ओळी वाचता आल्या नाहीत आणि दिशाचं नाव यादीतून गेलं.

त्या संध्याकाळी तो वरसेला गेला आणि दोघींसमोर सगळं सांगितलं. सगुणा उठून आत गेली.

"मला वास आला होता, मामा," दिशा म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हणून मी डोळा मिटला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

पेटीतलं सगळं त्याने टाकून दिलं. मंडळांची बोलावणी आली, तशी तो नाय म्हणत गेला. दिशा आता रोह्यात एका दवाखान्यात नावं नोंदवायला बसते; बारीक अक्षर आलं की कागद डावीकडे सरकवते. सगुणा भावाशी बोलते, पण कामापुरतं.

यंदा दिशाचा साखरपुडा ठरला. तिने फोन करून सांगितलं की मेकअप मामांनीच करायचा. दिनानाथ पेणच्या दुकानातून सगळं नवं घेऊन आला आणि प्रत्येक खोक्यावर त्या दिवसाची तारीख घातली. वरसेला पोचल्यावर ती पिशवी त्याने दिशाच्या मैत्रिणीच्या, प्रतीक्षाच्या हातात दिली.

"तू कर, गो. मला नाय जमणार."

दिशाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेर मांडवात येऊन पाहुण्यांना पाणी द्यायला लागला.