विहीणबाईंच्या खुर्चीचं बटन

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही हिंगणीचे नाही आणि माझ्या विहीणबाईंना ओळखत नाही.

विहीणबाई म्हणजे शेवंताबाई, माझ्या मुलीच्या सासूबाई. त्यांची हिंगणीला शेती. मी सेलूची, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. आमचं इतकं जमतं की पोरं चिडवतात. मुलगी-जावई बंगळूरला असतात. नातू झाला, नाव ठेवायचं ठरलं, आणि आम्ही दोघी नागपूरहून विमानात बसलो. त्यांची पहिली खेप, माझी दुसरी. दुसरी म्हणजे काय विचारता — मी अगदी जाणकार झाले होते. पट्टा कसा लावायचा, कानात दडे बसले तर काय करायचं, सगळं मी शिकवलं. मोबाइल खुर्चीच्या फटीत पडला तर खुर्ची हलवू नका, चेपला तर पेट घेतो, आम्हाला बोलवा, अशी एक सूचना झाली. तीही मीच त्यांना मराठीत समजावून सांगितली. हो — मीच.

थोड्या वेळानं त्या पदर डोक्यावर घेऊन झोपल्या. माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि खिडकीबाहेर ढग असे की काय सांगू. मी त्यांच्या मांडीवरचा मोबाइल उचलला आणि फोटो काढत बसले. न विचारता — पण आमच्यात विचारायचं काय? तो हातातून निसटला आणि त्यांच्याच खुर्चीच्या फटीत गेला. मी बोटं घालून पाहिली. लागेना.

पुढचं आधी लोकांना दिसलं तसं सांगते. ते सोपं आहे.

आंबूस, जळकट वास आला. मागच्या एका काकांना वाटलं, विहीणबाईंच्या पिशवीतलं लाल तिखट सांडलं. मग फटीतून करडा धूर निघाला आणि त्या दचकून उठल्या. विमानातली मुलगी धावत आली. तिनं आम्हाला मागच्या रांगेत नेऊन बसवलं, सगळ्यांना तोंडावर रुमाल धरून खाली वाकायला सांगितलं. दुसऱ्या मुलीनं जाड हातमोजे घातले, फटीत पाणी ओतलं, ओततच राहिली. बाटल्यांमागून बाटल्या. धूर थांबला, मोबाइल पुरता थंड झाला, तेव्हा कुठे तो बाहेर काढून एका पिशवीत बंद केला. विहीणबाई सगळा वेळ माझा हात धरून होत्या. मला वाटलं, नातवाचं तोंड न पाहताच जाते मी.

मग त्या मुलीनं हिंदीत विचारलं, खुर्ची कुणी हलवली?

विहीणबाई म्हणाल्या, "झोपीत माह्याच हातानं बटन दाबल्या गेलं असंन. मले काही समजत नाई जी त्यातलं."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी मान हलवली. हो, त्यांच्याच हातून झालं, अशी.

बटन मी दाबलं होतं. खुर्ची जरा मागं गेली तर मोबाइल हाताला लागेल, म्हणून. बटन दाबताच त्यांच्या भारानं पाठ मागं गेली आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं. ती मुलगी चार पावलांवर होती. मला तिला बोलवायची लाज वाटली. इतकंच. एवढ्या लोकांचा जीव, आणि मला लाज कशाची — तर माझी जाणकारी जाईल याची?

विमान सुखरूप उतरलं. नाव ठेवायच्या दिवशी विहीणबाईंनीच तो किस्सा रंगवून सांगितला. "विमान पेटवून आली मी," म्हणाल्या. लोक पोट धरून हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. जावयानं त्यांना नवा मोबाइलही घेऊन दिला.

फक्त त्यानंतर त्या विमानात बसल्या नाहीत. जावई तिकीट काढतो म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "माह्या एकटीचा जीव नाई त्यात. लोकायचे लेकरं बसतात." तेव्हापासून त्या रेल्वेनं जातात, दिवसरात्र बसून, गुडघे धरून.

आणि मी? मी विमानानं जाते.

यंदाही मी आधी पोचले आणि नातवाला घेऊन त्यांना आणायला स्टेशनवर गेले. गाडी उशिरा आली. त्या दांडी धरून एकेक पायरी उतरल्या, नातवाच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे पाहून हसल्या. "ईनबाई, तुमी लय हिमतीच्या जी," म्हणाल्या. "त्या दिवसानंतरही बसता."

मी त्यांची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागले.