सासऱ्यांची फरशी, जावयाचं कुंग फू

मी मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर नव्हते. न्हाणीघरासाठी फरश्या बघायला दुकानात गेलो होतो, चुकून मागच्या खोलीचं दार ढकललं, तर एक गृहस्थ हवेतून माझ्याकडे निघालेले. त्यांना पोचायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं आणि त्यातून धाकट्या भावाचं नाव खोडूनही टाकलं. मास्तरांची टाच माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली आणि तिच्यामागून मऊ आवाज आला, "फरश्या पुढे. आत यायचं तर चपला काढा."

मी चपला काढल्या. ती चूक मला पुढे सगळं गाव कुंग फूने वेडं होईपर्यंत भोवली.

मास्तर तरुणपणी जहाजावर कांदे चिरायला होते. तिथल्या म्हाताऱ्या चिनी आचाऱ्याने त्यांना डुलत्या जहाजावर पाय रोवून उभं राहायला शिकवलं, मग हात, मग लाथा. नोकरी सुटली, कुंग फू राहिलं. लग्न झालं ते फरशीवाल्याच्या मुलीशी. जावई दिवसभर हवेला बुक्क्या मारतो याचं सासऱ्यांना भारी दुःख. त्यांनी मागची खोली वर्षभर वापरायला दिली, पण अट घातली: वर्षात ती विद्यार्थ्यांनी भरली नाही, तर तिथे फरश्यांचं गोदाम आणि जावई गल्ल्यावर.

वर्ष संपत आलं तेव्हा खोलीत मी होतो, कंबरदुखीचा एक शिंपी होता आणि बहिणीच्या धाकाने येणारा मास्तरांचा मेहुणा होता. तिघेही घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहायचो, फक्त घोडा नसायचा.

शेवटी शिंप्याने तोंड उघडलं. म्हणाला, काहीतरी फुटल्याशिवाय लोक येत नाहीत. मास्तरांना हा पोरखेळ वाटायचा, पण गल्ला डोळ्यांसमोर दिसत होता. शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. फरश्या आणायचं काम बाईंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे.

मैदान खच्चून भरलं. पहिल्या रांगेत सासरे, आजूबाजूला त्यांची गिऱ्हाइकं, सगळे घरं बांधणारे ठेकेदार. मास्तरांनी दोन विटांवर फरशी आडवी ठेवली, हात उगारला आणि तसाच धरून ठेवला. फरशीवर सासऱ्यांच्या दुकानाचा शिक्का होता. बाईंनी माहेरच्या दुकानातली सगळ्यात चांगली फरशी निवडून आणली होती. फुटली तर सासऱ्यांचं दुकान बसणार, नाही फुटली तर मास्तरांचा क्लास.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाबांचं दुकान असताना परक्याकडून आणू?"

एव्हाना सासऱ्यांनाही शिक्का दिसला होता. ते उठले. आता कार्यक्रम बंद पाडतात म्हणून मास्तरांच्या मागे गुडघे वाकवून उभे असलेले आम्ही तिघे घोडे सोडून सरळ उभे राहिलो. पण त्यांनी गर्दीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मंडळी, फरशी माझ्या दुकानातली आहे. हिच्यावरून रोडरोलर गेला तर रोडरोलर दुरुस्तीला जातो. ही ज्याच्या हाताने फुटेल, तो साधा माणूस नव्हे." मग जावयाकडे वळून, "मारा, जावईबापू."

पहिला घाव बसला. फरशी जशीच्या तशी. ठेकेदार माना डोलवू लागले. दुसरा घाव असा बसला की शिंपी आपली कंबर विसरून खुर्चीवर चढला. फरशीचे सरळ दोन तुकडे.

लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं आणि त्या गदारोळात सासरे प्रत्येक ठेकेदाराच्या कानाशी लागून सांगत होते, "दोनदा मारायला लागलं, बघितलंत ना?"

दुसऱ्या दिवशी क्लासची रांग आणि दुकानाची रांग एकमेकींत अशी मिसळली की एका गवंड्याने घोडा शिकून घेतला आणि एक कॉलेजकुमार पोतंभर सिमेंट घेऊन घरी गेला. खोली भरली, ओसंडली. विद्यार्थी तयार झाले, त्यांनी आपापल्या गल्लीत क्लास काढले, त्यांच्या विद्यार्थ्यांनी पलीकडच्या गल्लीत. उद्घाटनाला मास्तर फेटा बांधून जायचे आणि सासरे फोडायच्या फरश्या विकायचे.

आज गावात प्रत्येकाच्या घराजवळ क्लास आहे, त्यामुळे मास्तरांकडे कुणी येत नाही. मागच्या खोलीत फरश्या ठेवतात. मास्तर गल्ल्यावर बसतात.