बिनसांध्याचं चित्र

...आणि शिडी खालून धरायला रंगाऱ्याची बायको उभी होती, हे सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे बघा, हा वर चढून कापडाच्या दुकानाची पाटी रंगवतोय, पहिली दोन अक्षरं हत्तीएवढी, आणि शेवटच्या दोन अक्षरांना उभं राहायलाही जागा नाही. बायको खालून ओरडतेय, "अहो, भिंत संपली!" आणि हा वरून म्हणतो, "मग शेजारच्याला विचार, त्याची थोडी देतोय का." शेजारचा होता न्हावी. त्यानं दिली. त्यानंतर बरेच दिवस कापडाच्या दुकानाचं शेपूट न्हाव्याच्या दारावर होतं, आणि लोक केस कापायला जाऊन लुगडी विचारायचे.

सगळे त्याला रंगारीच म्हणायचे. हात सरळ, नजर पक्की, पण अरुंद असं काही त्याला सोसायचंच नाही. ब्रश घ्यायचा तोही चपटा, रुंद. दोष म्हणायचा तर तेवढाच, आणि त्यानंच घात केला.

तर ते झाडाच्या सालीवरचं चित्र. त्याची सुरुवात रंगारी तरणा होता तेव्हाची. जंगल खात्यानं त्याला पाट्या रंगवायला धाडलं होतं, पार आत, जिथं बारा महिने झाडांवरून पाणी ठिबकतं आणि भरदुपारी कंदील लावावासा वाटतो. खात्याच्या नाक्याला लागूनच जंगलातल्या लोकांची वस्ती. पहिल्याच दिवशी एक बाई येऊन मागे उभी राहिली. ह्याच्यापेक्षा बरीच मोठी, कमरेला कोयता.

"काय लिहितोस रे?"

"आग पेटवू नये."

"कुणी?"

"तुम्ही लोकांनी."

बाईनं मागे वळून आपल्या चुलीकडे पाहिलं. चुलीवर भांडं रटरटत होतं. "बरं," ती म्हणाली, "मग तू आज कच्चंच खा." आणि अशी काही हसली, की रंगाऱ्याच्या हातातला डबा हिंदकळला. त्या दिवसापासून ती त्याची मावशी झाली आणि तो तिच्या घरचं जेवू लागला.

मावशी चित्रं काढायची. एका झाडाची आतली साल सोलून ती ओढ्यातल्या दगडावर लाकडी मोगरीनं बडवायची, बडवून बडवून ती कापडासारखी मऊ व्हायची. त्यावर काजळी, तांबडी माती आणि पाल्याचा रस. पण पट्टी कशी? उंचीला माणसाएवढी आणि रुंदीला वीतभर. रंगाऱ्याचा जीव गुदमरला. "मावशी, ह्यात माकडाचं शेपूट तरी मावेल का?"

तेव्हा तिनं त्याला झाडापाशी नेलं. झाडाच्या एका अंगाला उभा वण होता, भरून आलेला. ती म्हणाली, "आम्ही ह्याची पाठ तेवढी घेतो. पोट त्याचं त्याला ठेवतो. सगळीकडून सोललं तर उभ्या उभ्या मरतं ते." चित्र मोठं हवं असलं तर अशा दोन-तीन पट्ट्या शेजारी ठेवून दोऱ्यानं शिवायच्या, आणि सांधा दिसू नये म्हणून नेमक्या त्याच्यावरून वेल नाहीतर नदी काढायची. सांधा किती लपला यावर बाईचा हात ओळखायचे. मावशीच्या आईचा सांधा म्हणे बोटाला लागायचा, डोळ्याला नाही.

रंगारी हे सगळं शिकून आला. पाट्या रंगवून झाल्या की घरी सालीवर चित्रं काढायचा. मावशी अधूनमधून बसच्या ड्रायव्हरकडे सालीची गुंडाळी पाठवायची, बरोबर निरोप, "म्हातारी झाले, पण मोगरी अजून उचलते." हळूहळू रंगाऱ्याचं नाव झालं. मंडळी घरी येऊन चित्रं बघू लागली. तो प्रत्येकाला सांगायचा, की हात माझा आहे, पण विद्या मावशीची. खरंच सांगायचा, त्यात खोट नव्हती.

मग एक दिवस एका संस्थेच्या बाई आल्या. जंगल वाचवायचं काम करणारी संस्था. बाईही चांगल्या, तळमळीच्या. म्हणाल्या, "आमच्या सभागृहात मोठं चित्र लावायचंय. त्याचीच पोस्टरं छापणार. जंगल तुटतंय हे लोकांच्या मनात भरलं पाहिजे. फक्त एक करा, मधे तो सांधा नको. फोटोत तो रेघेसारखा उठतो. अख्खं जंगल एकसंध दिसू दे."

रंगाऱ्याला आयुष्यभर हवी होती तशी भिंत कुणीतरी आपण होऊन देत होतं! मावशीकडे मागायचं तर ती वीतभराच्या वर देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग तो बाजारात गेला. तिथं एकजण वेत, डिंक, साली असलं काहीबाही विकायचा.

"रुंद पाहिजे," रंगारी म्हणाला.

"किती रुंद?"

"निघेल तेवढी."

सालवाल्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "निघेल तेवढी म्हणजे कशी निघते, माहीत आहे ना?"

"ते मला सांगत बसू नकोस," रंगारी म्हणाला, आणि चहाही न घेता उठला.

साल आली. अंगणात अंथरली तर चादरीसारखी पसरली. बायको म्हणाली, "अगंबाई, ह्यावर तर निजता येईल." रंगारी गुडघ्यावर बसून कडा चाचपत होता. डाव्या कडेला एक गाठ होती, कोयत्यानं मधोमध कापलेली, म्हणजे अर्धीच. उजव्या कडेपाशी गेला. उरलेली अर्धी तिथं. त्यानं सालीच्या दोन्ही कडा जवळ आणल्या, तशी गाठ पुरी झाली, आणि सालीचा बुंध्याएवढा पोकळ नळा त्याच्या हातात उभा राहिला. मावशीनं एके काळी हात लावून दाखवलं होतं तसलंच झाड. पाठही आली होती आणि पोटही.

त्यानं तो नळा पुन्हा अंगणात पसरला. मग कात्री आणली आणि दोन्ही कडांची गाठ कापून टाकली.

"काय कापताय?" बायकोनं विचारलं.

"कडा खराब होत्या."

"चांगल्या तर दिसत होत्या."

"तुला काय कळतंय त्यातलं!" असं तो तिला कधी बोलत नसे. पण तिनं कापलेले तुकडे चुलीत जाताना पाहिले.

चित्र मात्र, काय सांगू, असं झालं की बघतच राहावं. धनेश, अजगर, लटकलेली माकडं, पाण्यात उतरलेली मुळं. काढताना तो नेहमी शीळ घालायचा, या वेळी शीळ नाही. जेवताना घास हातात धरून बसायचा. एकदा बायको म्हणाली, "दात दुखतोय का?" तो हो म्हणाला. मग तिनं लवंग आणून दिली, आणि नसत्या दुखण्यावर तो ती मुकाट्यानं चावत बसला.

चित्र लावण्याच्या दिवशी सभागृहात खुर्च्या भरल्या. रंगाऱ्याला पुढच्या रांगेत बसवलं, शेजारी बायको. आणि बाई हसत हसत म्हणाल्या, "तुमच्यासाठी एक पाहुणी आणलीय." दारातून मावशी आली. पाठीत वाकलेली, हातात काठी, पण डोळे तेच.

मावशी त्याच्याकडे न येता आधी चित्राकडे गेली. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग तळवा टेकवून हळूहळू डावीकडून उजवीकडे चालत गेली. शिपाई म्हणाला, "आजी, हात लावायचा नाही." बाईंनी त्याला खुणेनं थांबवलं. मावशी परत फिरली, या वेळी बोटाच्या टोकानं. नदीवर थांबली, वेलीवर थांबली. मग वळली, आणि तिचा सगळा चेहरा हसत होता.

"अरे चोरा!" ती तिथूनच ओरडली. "सांधा कुठं लपवलास?"

लोक हसले. बाईंनी विचारलं, सांधा म्हणजे काय, तर मावशीनं त्यांना पट्ट्या, दोरा, वेल, सगळं सांगितलं. आपल्या आईचंही सांगितलं. "तिचा बोटाला तरी लागायचा. ह्याचा बोटालाही लागत नाही. मी शिकवलेला पोर, माझ्या आईच्या पुढं गेला!"

बाई भारावून गेल्या. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, की आता वस्तीतल्या बायकांसाठी वर्ग काढू आणि हा सांधा रंगारीच शिकवतील. टाळ्या पडल्या. रंगारी मान खाली घालून बसला, लोकांना वाटलं केवढा विनयशील माणूस!

मावशी येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून उघडून पाहिली, जणू सांधा तिथंच कुठं असेल. मग हळू म्हणाली, "त्या बायका मरू देत. आधी मला शिकव. मला दिसतंय तोवर. गावी जाऊन मी पोरींना दाखवीन, की बघा, असा असतो."

टाळ्या अजून चालू होत्या. गप्प राहिलं असतं तरी खपून गेलं असतं. डोळे गेले म्हणून सांगता आलं असतं, नाहीतर दाखवीन कधीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. मावशी पुन्हा काही एवढ्या लांब येणार नव्हती. पलीकडून बायकोनं त्याच्या कोपराला हात लावला, "अहो," एवढंच म्हणाली. कडांचं तिला काय कळलं होतं आणि कधी, देव जाणे.

रंगाऱ्यानं मावशीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. बाई समोरच उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"मावशी, ह्याला सांधा नाहीच गं. अख्खं झाड आहे हे, पोटासकट. मला रुंद हवी होती म्हणून सोललं, आणि साल घरी आली तेव्हाच मला कळलं होतं, म्हणून तर कडा कापल्या. आता पुन्हा जाऊन हात लाव त्याला, आणि मग मला काय म्हणायचं ते ह्या सगळ्यांच्या देखत म्हण."