शेरा: कॉपी

यंदाच्या जानेवारीत, दहावीच्या पूर्वपरीक्षेत, माझ्या भाचीला इंग्रजीच्या बातमीलेखनाच्या प्रश्नात पाचपैकी शून्य गुण मिळाले. उत्तराशेजारी लाल शाईने एकच शब्द लिहिलेला होता: कॉपी. आठवड्याभरात तोच शब्द प्रगतिपत्रकावर शेऱ्याच्या रकान्यात छापून आला.

भाची आठवीपासून नागपुरात आमच्याकडे राहते. तिचे आईवडील, म्हणजे माझी बहीण आणि भाऊजी, पारशिवनीजवळच्या गावात असतात. भाऊजी एसटीत कंडक्टर आहेत. शाळेचा नियम असा की प्रगतिपत्रकावर वडिलांनी किंवा आईनेच सही करायची. सहीच्या वर छापलेले असते, 'वरील शेरा वाचला व मान्य आहे'. सही झालेले प्रगतिपत्रक जमा केल्याशिवाय बोर्डाचे प्रवेशपत्र हातात पडत नाही. म्हणजे मुलीला बोर्डाच्या परीक्षेला बसवायचे, तर तिने कॉपी केली हे बापाने मान्य करायचे होते.

तिने काय लिहिले होते ते सांगतो. प्रश्न होता: तुमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची बातमी तुमच्या शब्दांत लिहा. तिने लिहिले की संमेलन दोनदा पुढे ढकलले गेले. दुसऱ्या वेळी कारण असे की शाळेचे सभागृह एका शिकवणी वर्गाला रविवारच्या चाचणीसाठी दिले होते. लेझीमच्या मुलींनी सीताबर्डीहून आणलेले कपडे तसेच पिशवीत राहिले. पुढे ढकलल्याची सूचना फळ्यावर किती वाजता लागली, हे तिने शिपायाला विचारून ठेवले होते. तेही लिहिले. इंग्रजीच्या चार-पाच चुका होत्या. तपशिलाची एकही नव्हती. मी शाळेत विचारून पडताळले.

माझा यातला हात नोंदवून ठेवतो. मी बत्तीस वर्षे वर्तमानपत्रात काम केले. परीक्षेच्या महिनाभर आधी तिने मला विचारले होते, "मामा, बातमीच्या पहिल्या ओळीत काय लिहाचं असते?" मी म्हणालो होतो, "काय झालं आणि कधी झालं." याहून अधिक काही सांगितले नाही.

वर्गातल्या बाकीच्यांची उत्तरेही मला पाहायला मिळाली, कारण तिच्या चार मैत्रिणींनी आपापले पेपर आणून दाखवले. चौघींच्या बातमीत संमेलन थाटात पार पडले होते. जिल्हाधिकारी प्रमुख पाहुणे होते. त्यांनी दीप प्रज्वलित केला. प्रेक्षक मंत्रमुग्ध झाले. आभारप्रदर्शनानंतर राष्ट्रगीत झाले. शाळेचे नाव चौघींनीही 'एबीसी' असे लिहिले होते. चौघींना पाचपैकी पाच. हे उत्तर इंग्रजीच्या सरांनी दिवाळीपूर्वी वर्गात सांगितले होते आणि साठेक मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते. त्या शाळेत यावर्षी ना जिल्हाधिकारी आले, ना दिवा लागला. उपसंपादकाने अशी बातमी पानात सोडली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले नसते.

भाचीची इंग्रजीची वही मागून पाहिली. कवितेच्या रसग्रहणात एक मुद्दा असतो, कविता तुम्हाला का आवडली. तेही सरांनी सांगितलेले होते. 'माझ्या मते' या शब्दांपासून पुढे तीन ओळी, पूर्णविरामासकट. ज्या दिवशी ते मत सांगितले, त्या दिवशी भाची तापाने घरी होती. स्वतःचे मत तिने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतले होते. त्या उताऱ्याखाली सरांची सही होती आणि 'छान' असा शेरा होता.

शनिवारी पालकसभा होती. भाऊजी रजा टाकून पहाटेच्या गाडीने आले. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मुलीला म्हणाले, "खरं सांग वं. कॉपी केली का तू?"

"नाही बाबा."

"मग सर काहून म्हणून राहिले?"

"माझं उत्तर कोणाशीच जुळत नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांना इंग्रजी वाचता येते, सावकाश. त्यांनी ते उत्तर उभ्यानेच पूर्ण वाचले आणि मग चप्पल काढलीच नाही. "चाला," म्हणाले.

इंग्रजीचे सर दहावीच्या वर्गात टेबलाशी बसले होते. चाळिशी ओलांडलेले, नीटनेटके, आवाज चढवून न बोलणारे. त्यांनी पेपर ओळखला.

"हे पाहा भाऊ, पूर्ण वर्गाचं उत्तर एकसारखं आहे. हिचंच वेगळं आहे. मग हिनं कुठून आणलं? आजकाल मोबाइलवर विचारलं की आयतं लिहून भेटते."

भाऊजी म्हणाले, "म्हंजे ज्यायचं सारखं हाय त्यायनं कॉपी नाही केली, अन् जिचं वेगळं हाय तिनं केली?"

"त्यांचं मी सांगितलेलं उत्तर आहे. त्याले कॉपी नाही म्हणत. तयारी म्हणतात."

"सर, म्या रोज तिकिटं फाडतो. दोघायजवळ एकाच नंबरचं तिकीट निघालं तर मी सारखा नंबरवाल्याले पकडतो. वेगळा नंबरवाल्याले नाही."

मागच्या बाकावर बसलेल्या दोन आया हसल्या. सर हसले नाहीत. मी विचारले की शाळेच्या या वर्षीच्या संमेलनाची माहिती मोबाइलमध्ये कुठे मिळाली असती. सर म्हणाले, "साहेब, तुम्ही पेपरवाले. तुम्हीच सांगितलं असंन." मी पहिल्या ओळीबद्दल काय बोललो होतो ते सांगितले. ते म्हणाले, "पाहा, म्हणजे मदत झालीच."

भाऊजींनी पेपर टेबलावर ठेवला. "आता लिहाले सांगा तिले. तुमच्यासमोर. विषय तुम्ही द्या."

सरांनी खिडकीबाहेर पाहिले, मग वर्गात पाहिले आणि म्हणाले, "आजच्या पालकसभेची बातमी लिही." भाची तिसऱ्या बाकावर बसली. सर पुढच्या पालकांशी बोलू लागले. वीस मिनिटांनी तिने कागद आणून दिला.

पहिल्या वाक्यात तिने लिहिले होते की शनिवारच्या पालकसभेत एका शिक्षकांनी सांगितले की साठ सारख्या उत्तरांना तयारी म्हणतात. दुसऱ्या वाक्यात वडिलांचे तिकिटाचे म्हणणे होते, त्यांच्याच शब्दांत, इंग्रजीत आणलेले. तिसऱ्यात, दोन पालक हसले.

सरांनी वाचले. एका ठिकाणी सुटलेले उपपद लाल पेनाने भरले. मग जुना पेपर ओढून शून्यावर काट मारली, तीन केले, बेरीज बदलली आणि दोन्हीकडे आद्याक्षरे टाकली. "दोन मार्क फॉरमॅटचे कापले," ते म्हणाले. "बोर्डात असं लिहिलं तर तपासणारा इतका वेळ देणार नाही. तिच्या भल्यासाठीच सांगून राहिलो मी."

"अन् शेरा?" भाऊजींनी विचारले.

"शेरा कॉम्प्युटरात भरला आहे. तो ऑफिसातून."

कार्यालयातल्या लिपिकाने सांगितले की गुण शिक्षक बदलू शकतात, शेरा मुख्याध्यापक. मुख्याध्यापक बोर्डाच्या बैठकीला गेलेले होते. अर्ज द्या, असे तो म्हणाला. भाऊजींनी तिथेच मराठीत अर्ज लिहिला. लिपिकाने शिक्का मारून पोच दिली. पुढच्या तीन आठवड्यांत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा उत्तर आले की अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. आता त्या उत्तराला शाळेच्याच नोंदीत तीन गुण होते आणि तेच उत्तर कॉपी केलेलेही होते. हे विसंगत आहे, असे मी म्हणालो. लिपिक म्हणाला, "दोन वेगळे कॉलम आहेत साहेब."

प्रवेशपत्रे वाटायच्या शेवटच्या दिवशी भाऊजी पुन्हा आले. लिपिकाच्या खिडकीशी त्यांनी प्रगतिपत्रक उघडले, छापलेल्या ओळीतला 'मान्य आहे' हा भाग खोडला, वर 'मान्य नाही' असे लिहिले आणि सही केली. लिपिक म्हणाला, "असं नाही चालत, भाऊ." भाऊजी म्हणाले, "सही पाह्यजे होती ना गा? केली." रांगेत मागे बरेच पालक होते. लिपिकाने प्रगतिपत्रक ठेवून घेतले.

प्रवेशपत्र दुपारी सव्वाबारा वाजता मिळाले. शेरा बदललेला नाही.