कापसाच्या घरातला सर्व्हर

रोज संध्याकाळी सहा चाळीसला त्या जिनिंगचा सर्व्हर बंद पडायचा आणि सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा सुरू व्हायचा. बुलढाण्यात आमच्या ऑफिसच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल व्हायचा, तो सकाळपर्यंत लालच. पहिल्या दिवशी मला वाटलं, लाइट गेली असेल. आठव्या दिवशी मी चिडले.

आमच्या धंद्याला मॅनेज्ड सर्व्हिस म्हणतात. बिघडल्यावर बोलावतात तो मेकॅनिक. बिघडू नये म्हणून लांबून पाळत ठेवतो, ते आम्ही. ग्राहकाचे कॉम्प्युटर, नेटवर्क, सुरक्षा आणि बॅकअप हे सगळं आमच्या गळ्यात. बॅकअप म्हणजे रेकॉर्डची दुसरी प्रत, वेगळ्या जागी ठेवलेली. हे मी नातेवाइकांना कितीदा समजावलं, तरी लग्नाकार्यात भेटले की ते प्रिंटरबद्दलच विचारतात.

ही जिनिंग सोनाळा आणि वरवट बकालच्या मधल्या रस्त्यावर होती. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधतात. मालक प्रकाशशेठ. आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांना त्यांनी तीन वर्षं रासायनिक खत-फवारणीशिवाय कापूस पिकवायला लावलं होतं. त्या सेंद्रिय कापसाचं सर्टिफिकेट मिळायचं तर प्रत्येक गाठीमागचा कापूस कोणत्या गावातून, कोणाच्या शेतातून आला, हे तपासणीत दाखवावं लागणार होतं. गाठीवर नुसता नंबर. बाकी सगळं सर्व्हरमध्ये. ते रेकॉर्ड गेलं तर सेंद्रिय गाठ साध्या गाठीसारखीच, आणि तीन वर्षांची मेहनत फुकट.

आणि त्या रेकॉर्डचा बॅकअप एकदाही झाला नव्हता. आम्ही तो रात्री अकराला लावला होता, कारण तेव्हा इंटरनेटची लाइन मोकळी असते. मी दिवसा फोन करायचे. ऑफिसमध्ये गजानन उचलायचा. चाळिशीचा माणूस, वजनकाट्यापासून गाठी बांधणाऱ्या प्रेसपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्याच्याकडे.

"सगळं बराबर चालू हाये मॅडम. आताच त एंट्री करून राह्यलो."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी मी घरी असतो ना!"

शेवटी मी स्वतः गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. सहा चाळीसला पॅनेल रूममधून ‘ठक्’ असा आवाज आला आणि अख्खी मिल काळोखात गेली. मोबाईलच्या उजेडात जाऊन पाहते तर एक म्हातारे गृहस्थ मेन स्विच खाली ओढून त्यावर हात ठेवून शांत उभे होते. हे उस्मानचाचा, मिलचे फोरमन. वीज गेल्यावर सर्व्हर सांभाळणारा यूपीएस म्हणावं, तर त्याची बॅटरी केव्हाच फुगली होती. तिच्यावर पाण्याचा जार ठेवला होता.

"चाचा, सर्व्हर चालू ठेवायचा होता," मी म्हणाले.

"बाई, कापसाच्या घरात रातभर करंट जिता नाई ठेवाचा."

मी नाना परीने समजावलं. वेगळी लाइन ओढू, वेगळा ब्रेकर बसवू, नवी वायर टाकू. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती. मोठ्या शेठच्या काळात, म्हणजे प्रकाशशेठच्या वडिलांच्या वेळी, एका रात्री वायरची ठिणगी रुईत पडली होती. चाचा आत शिरून एका माणसाला ओढून बाहेर आले होते. त्या दिवसापासून संध्याकाळी मेन स्विच तेच पाडतात. ईद असो, दिवाळी असो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. फाटकावरच्या चौकीदारालाही सोलरचा कंदील.

मी प्रकाशशेठकडे तक्रार केली. ते हसले. "चाचा नाई म्हणले का इषय संपला मॅडम. मलेबी ऐकावं लागते त्यांचं. पण एक ध्यानात ठेवा. तपासणीत रेकॉर्ड नाई निंगालं, त तुमचा करार बंद."

परत येताना माझा संताप संताप होत होता. एका स्विचसाठी मी हरणार, आणि तेही बरोबर असून! वरवट बकालच्या स्टँडवर चहाला थांबले. अर्धा कप झाल्यावर लक्षात आलं की बरोबर मी नव्हतेच. त्या मिलमधली सगळ्यांत चांगली सुरक्षा तो म्हातारा होता, आणि मी त्यालाच म्हणत होते की माझ्या मशीनच्या सोयीसाठी तुमची शिस्त मोडा. आगीत शिरलेल्या माणसाला मी वायरिंग शिकवत होते. स्वतःचीच लाज वाटली.

कापसाच्या घरातून करंट काढता येत नसेल, तर सर्व्हर काढावा. हाच तर क्लाउड. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. जिथे वीज जात नाही आणि पहारा हटत नाही, अशा दुसऱ्याच्या इमारतीतल्या मशीनवर भाड्याने घेतलेली जागा. दुसऱ्या दिवशी मी शेठना तेच सुचवलं.

"माह्या मिलचं रेकॉर्ड लोकाच्या घरी?" शेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"तुमच्या गाठी कुठे असतात शेठ?"

"खामगावच्या गोडाऊनमधी. भाड्यानं."

"आणि कुलूप?"

"कुलूप माह्यं."

"इथेही कुलूप तुमचंच. चावी तुमच्याकडे. जागा फक्त भाड्याची."

शेठ खाली बसले. पंधरा दिवसांत आम्ही सर्व्हरवरचं सगळं हलवलं. दिवसा मिलमधल्या चार कॉम्प्युटरवर काम व्हायचं आणि नोंदी लगेच क्लाउडवर जायच्या. शिवाय दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, एक वेगळी बंद प्रत तयार व्हायची. ती महिनाभर कोणालाच बदलता येणार नाही, अगदी मलासुद्धा नाही. संध्याकाळी चाचांनी खुशाल स्विच पाडावा. मिलचा ठिपका लाल झाला की आम्ही घड्याळं लावून घ्यायचो.

मग तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराच्या पुढे, क्लाउडकडून अलार्म आला. मिलमधल्या फायली भराभर बदलत होत्या. त्यांची नावं बदलत होती आणि पुढे विचित्र अक्षरं लागत होती. हे रॅन्समवेअर. कोणीतरी बाहेरून शिरून तुमच्या फायलींना स्वतःचं कुलूप ठोकतं आणि चावीसाठी खंडणी मागतं. एका कॉम्प्युटरवरून ते दुसऱ्यावर पसरतं. असं झालं की तो कॉम्प्युटर आम्ही इथूनच नेटवर्कवरून तोडतो. मी कमांड दिली. काही झालं नाही. परत दिली. काही नाही. आमचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर तिथे बंद होतं.

गजाननला फोन लावला. उचलत नव्हता. शेठचा बंद. मग उस्मानचाचांना लावला. मागे जिनच्या मशीनचा घरघराट ऐकू येत होता.

"चाचा, मेन पाडा!"

"आत्ता? मिल चालू हाये. आग हाये का?"

"हो."

"कुठं?"

"कॉम्प्युटरमध्ये."

ते पुढे काही विचारतील, वाद घालतील, असं मला वाटलं. पण तो ओळखीचा ‘ठक्’ आवाज आला आणि घरघराट हळूहळू थांबला.

माझ्या सहकारी शीतलला क्लाउडच्या कामाला बसवून मी दोन कोरे कॉम्प्युटर गाडीत टाकले आणि निघाले. अडीच तासांनी पोचले, तेव्हा गजानन पायरीवर डोकं धरून बसला होता.

"माह्यामुळं झालं मॅडम. तपासणीची यादी म्हणून मेल आला. उघडला."

"सॉफ्टवेअर बंद कोणी केलं?"

"काट्याचं प्रिंटर अडून राह्यलं होतं. म्हटलं, दहा मिनटं बंद करतो."

मी त्याला बोलणार होते, पण ते बंद करायची परवानगी त्याच्याकडे ठेवली कोणी होती? आम्हीच. त्यामुळे सरळ कामाला लागले.

चारपैकी दोन कॉम्प्युटर पुरते गेले होते. तिसऱ्याच्या दाराशी ते पोचलं असतानाच चाचांनी स्विच पाडला होता. काटा आणि प्रेसचे कॉम्प्युटर वाचले. क्लाउडवरच्या ताज्या फायली बिघडल्या होत्या, कारण मिलमधला बदल तिथेही जातो. पण आदल्या दुपारची बंद प्रत जशीच्या तशी होती. शीतलने ती पुन्हा वापरात आणली. राहिल्या त्या कालच्या जेवणापासूनच्या नोंदी, आणि त्या काट्याच्या कागदी चिठ्ठ्यांवर होत्या. चाचांनी स्विच वर केला, तो फक्त ऑफिसपुरता. गजाननने चिठ्ठ्या भरायला घेतल्या. शेठ आले, आणि चिठ्ठ्या वाचून दाखवायला स्वतः बसले.

सहा चाळीसला चाचा दारात येऊन उभे राहिले. गजाननच्या हातात सातेक चिठ्ठ्या उरल्या होत्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो.

"बेटा, पाडू का थांबू?" त्यांनी मला विचारलं.

शेठ नंतर म्हणाले, इतक्या वर्षांत चाचांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. शेठच्या वडिलांनाही नाही. "दहा मिनिटं," मी म्हणाले. चाचा स्टूल ओढून आमच्या वायरींसमोर पहाऱ्याला बसले. शेवटची चिठ्ठी भरून झाली, गजाननने हात वर केला आणि चाचांनी मिल अंधारात बुडवली. आयुष्यात कधी अंधार इतका आवडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहाला तपासनीस आले. गाठींच्या थप्पीतून त्यांनी मधलीच एक निवडली आणि नंबर वाचला. गजाननने तो टाइप केला. स्क्रीनवर सोनाळ्याच्या चार शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, कापूस आल्याच्या तारखा, कापसाच्या गंजीचा (ढिगाचा) क्रमांक, सगळं आलं. अशा त्यांनी बऱ्याच गाठी काढल्या. एकही अडली नाही. आदल्या दिवसाचा हल्ला लपवावा, असं शेठच्या मनात होतं. मी सगळं सांगून टाकलं. तपासनिसांनी बंद प्रत उघडून पाहिली आणि वहीत बराच वेळ लिहीत बसले.

"आणि तुमचा सर्व्हर कुठे आहे?" त्यांनी जाताना विचारलं.

प्रकाशशेठ छाती काढून म्हणाले, "साहेब, कापसाच्या घरात आमी रातभर करंट ठेवत नसतो."

चाचा मागेच उभे होते. मिशीत हसले.

सर्टिफिकेट आलं. करार वाढला. आता सुरक्षेचं सॉफ्टवेअर बंद करायची परवानगी कोणत्याही ग्राहकाकडे नसते, प्रिंटर कितीही अडो. आणि नवा ग्राहक आला की आम्ही जो फॉर्म भरून घेतो, त्यात कॉम्प्युटर किती, इंटरनेट कोणतं, याच्याही आधी एक प्रश्न असतो: संध्याकाळी मेन स्विच कोण पाडतं? त्याखाली त्या माणसाचा मोबाईल नंबर. तो भरल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.