जागच्या जागी

रंकाळ्यावर सकाळी भेटणाऱ्या या बाई कधी स्थिर उभ्या राहत नाहीत. कुणी बोलायला थांबवलंच, तर कवायतीसारखे जागच्या जागी पाय उचलत राहतात. त्या कुठल्याशा शाळेत दुसरीला शिकवतात, एवढंच मला ठाऊक होतं. फिरून झाल्यावर मी चहात खारी बुडवली, की लांबूनच ओरडतात, "टाका ती खारी! मैद्यानं डोकं जड हुतंय." स्वतः डब्यातली मोड आलेली मटकी चावत असतात. "आन् फिरून न्हाय आलो, तर दिवसभर माणसांच्या अंगावर जातो बघा मी," हे त्यांचं रोजचंच.

परवा भाचीची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला तिच्या शाळेत गेलो. मधली सुट्टी होती, मैदान पोरांनी दणाणलं होतं. भाचीचा दुसरीचा वर्ग मात्र आतच बसलेला, तोंडावर बोट ठेवून. समोर खुर्चीत याच बाई!

"यांना का कोंडलंय?" मी विचारलं.

"लई चुळबुळ करत्यात. गप बसत न्हाईत तवर खेळ बंद. महिना झाला की."

महिना! मी हबकलोच. सहा-सात वर्षांची पोरं ती.

"शिस्त लागाय नको व्हय?" म्हणत बाई उठून दाराशी आल्या. माझ्याशी बोलता बोलता त्यांचे पाय सवयीनं जागच्या जागी सुरू झाले.

तोंडावरचं बोट न काढता सगळा वर्ग त्या पायांकडे बघत होता.