पुलावर पडलेला

मेहकरच्या टॉकीजमध्ये दुपारच्या शोला आम्ही दोनच प्रेक्षक होतो. मोठ्या हिरोचा, युद्धातल्या हेरगिरीचा तो सिनेमा पार आपटला होता. मी पुढच्या खुर्चीवर पाय टाकून मोबाइल बघत होतो. पुलावरची लढाई लांबली तेव्हा मी ओरडलोसुद्धा, "मरा बे लवकर, सुटू द्या आमाले!"

दोन रांगा पुढे टोपीवाले एक म्हातारे चपला काढून, मांडीवर पिशवी धरून ताठ बसले होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

बाहेर पायरीवर मात्र त्यांनी मला थांबवलं.

"माहा पोरगा मुंबईले सिनेमाच्या गर्दीत काम करते. पुलावर गोळी लागून पडते तो. जानेफळवरून तीनदा आलो, पन तो पडाले लागला का माहे डोळेच मिटून जातात. तुमी पाह्यलं असंन. कसा पडला?"

ओरडणारा मीच, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरं होतं कोण तिथे?

"चांगला पडला, बाबा. एकदम खऱ्यासारखा."

त्यांनी टोपी सारखी केली. "सांगतो त्याले फोनवर. मेहकरात एकानं नीट पाह्यलं म्हनून."